जुन्या पॅलिओत टी-जेट टर्बो इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिएट पॅलिओ २००१ साली भारतात आली. जड दारं, दणकट पत्रा आणि हायवेला रुळावरून चालावी तशी चाल. घरात एखादी असेल तर ती विकायला मन होत नाही. अडचण एकच: १.२ लिटरचं इंजिन. चार माणसं आणि एसी घेऊन कात्रजचा चढ चढताना ते ज्या आवाजात तक्रार करतं, तो आवाज ऐकला की हे इंजिन काढून टर्बोचं, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, जास्त ताकदीचं इंजिन बसवावं, हा विचार प्रत्येक पॅलिओवाल्याच्या डोक्यात कधी ना कधी येतोच. मी आणि माझ्या मिस्त्रींनी तो विचार अमलात आणला. त्यानंतर लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमकं कोणतं इंजिन कोणत्या गाडीत?

गाडी पॅलिओ १.२, म्हणजे १२४२ सीसीची, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेली. इंजिन फिएटच्याच लिनिआ टी-जेट गाडीचं: १३६८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ११४ पीएस (अश्वशक्तीसारखंच एकक) ताकद आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. २०१० साली ही लिनिआ बाजारात आली. तिची जुळणी पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या कारखान्यात व्हायची, म्हणजे महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या वाटेवरच. पुढे २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत हेच इंजिन १४५ पीएसचं झालं.

टी-जेटच का? जपानी टर्बो इंजिनं काय वाईट आहेत?

वाईट काहीच नाही, पण ती पॅलिओला परकी आहेत. टी-जेट मात्र पॅलिओच्या १.२ इंजिनाचं सख्खं भावंड आहे. दोन्ही फिएटच्या ‘फायर’ घराण्यातली. १९८५ साली ऑटोबिआंकी वाय-१० या छोट्या गाडीतून हे घराणं सुरू झालं. यंत्रमानवांकरवी जुळवता येईल अशा बेताने आखलेलं, हलकं आणि आखूड. १.२ चा बोअर ७०.८ मिमी आणि स्ट्रोक ७८.९ मिमी, तर १.४ चा ७२ आणि ८४. आकडे पाहिले तरी लक्षात येतं की ब्लॉकची लांबी-रुंदी जवळपास तीच आहे, सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) आणि पिस्टनची धाव (स्ट्रोक) तेवढी वाढली आहे.

इंजिन बे मध्ये जागा मिळणं, एक्झॉस्टची बाजू तीच असणं, टायमिंग बेल्ट त्याच टोकाला असणं, हे सगळं नात्यामुळे फुकट मिळतं. परक्या इंजिनाला यातली एकेक गोष्ट विकत घ्यावी लागते.

मग १.६ जीटीएक्स पॅलिओ घेऊन सुरुवात केली तर अजून सोपं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेकांना पटत नाही. १.६ चं इंजिन फायर घराण्यातलं नाही. त्याची माउंटिंग वेगळी, गिअरबॉक्सचं तोंड वेगळं. शिवाय चांगल्या अवस्थेतली जीटीएक्स मिळालीच, तर तिचं इंजिन काढणं हा माझ्या मते गुन्हा आहे. १०० अश्वशक्तीची ती गाडी आहे तशीच जपून वापरा.

हे कायदेशीर आहे का?

रस्त्यावर चालवायची असेल तर नाही. इथे आडपडदा न ठेवता सांगतो, कारण ‘आरटीओत ओळख आहे’ म्हणणारे पाच जण तुम्हाला भेटतील आणि त्यांपैकी एकही नंतर फोन उचलणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे, पण पेट्रोलवरून पेट्रोलवरच, फक्त जास्त ताकदीचं इंजिन, याला ती वाट नाही. त्याच कायद्याच्या कलम १८२अ नुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा. इंजिन हा एक बदल झाला, एक्झॉस्ट दुसरा.

दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. कुणाला धडक बसली आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला, की विमा कंपनी हात वर करायला मोकळी. समोरच्याची भरपाई मग तुमच्या खिशातून जाऊ शकते.

आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेता येत नाही का?

इंजिन खराब झालं म्हणून त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं, तर आरटीओची परवानगी घेऊन नंबर बदलण्याची प्रक्रिया करता येते. १२४२ सीसीच्या जागी १३६८ सीसीचं टर्बो हे त्यात बसत नाही. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पुन्हा पासिंग करताना तपासणी होतेच.

मग ती चालवायची कुठे?

बंद ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. दोन्ही महाराष्ट्रापासून लांब, आणि गाडी रस्त्याने चालवत न्यायची नाही म्हटल्यावर फ्लॅटबेड आलाच. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा, आम्ही धरला नव्हता. एखाद्या धावपट्टीवर आयोजकांनी परवानगी काढून ड्रॅग शर्यत भरवली असेल तर तिथेही हौस भागते. ट्रॅकवर जाण्याआधी तिथली तांत्रिक तपासणी पार करावी लागते: बॅटरी घट्ट बांधलेली, कुठे तेलगळती नाही, अग्निशामक हाताशी, टो हुक मजबूत.

‘पहाटे चार वाजता ताम्हिणीत कोण असतं?’ असंही लोक विचारतात. दूधवाले असतात, शेतावर निघालेली माणसं असतात, गुरं असतात.

इंजिन कुठून मिळवायचं?

शक्य असेल तर अख्खी गाडी घ्या. मागून ठोकलेली, विम्यात ‘टोटल लॉस’ झालेली लिनिआ टी-जेट मिळाली तर सोनं. कारण तुम्हाला इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी), पूर्ण वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), चावी, ॲक्सिलरेटरचं पेडल, मीटर, इंधन पंप आणि चारही डिस्क ब्रेक हवे आहेत. नुसतं इंजिन स्वस्तात घेणारा माणूस पुढचे सहा महिने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकेक सेन्सर शोधत फिरतो.

गाडी घेताना मूळ मालकाचे किंवा विमा कंपनीचे कागद घ्या आणि चॅसी नंबर, इंजिन नंबर स्वतः ताडून पाहा. नुसतं इंजिन घेत असाल तरी नंबर लिहिलेली पावती हवीच. चोरीच्या गाडीचे सुटे भाग अंगावर आले तर हौस चांगलीच महागात पडते.

तपासणीत आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, हे जास्त बोलकं असतं. मग टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढा आणि दांडा दोन बोटांत धरा. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण तेलाचा थर भरला की तो मधोमध तरंगतो. पुढे-मागे सरकला तर तो टर्बो संपला. या इंजिनाचा आणखी एक ओळखीचा दोष म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जाणं आणि त्याचे स्टड तुटणं. टॉर्च घेऊन नीट पाहा. काजळीची बारीक रेघ दिसली तर तिथून धूर निसटतोय.

इंजिन जागेवर बसतं का?

बसतं, पण नाकासमोरची जागा अपुरी पडते. टी-जेटचा टर्बो इंजिनाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला आहे. पॅलिओत तिथेच पंखा आहे. लालभडक तापणारं टर्बाइनचं घर आणि प्लॅस्टिकचा पंखा यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेवून चालत नाही. आम्ही मागचा पंखा काढून चपटा पंखा रेडिएटरच्या पुढे लावला, हवा आत ढकलणारा. टर्बोला उष्णतारोधक जाकीट घातलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजला पत्र्याची ढाल केली.

माउंटिंगसाठी एक सल्ला: ब्रॅकेट नवे करा, रबर पॅलिओचेच ठेवा. कुणी म्हणेल, ‘रबर कशाला, डायरेक्ट कसून टाकू.’ तसं केलं की इंजिनाचा प्रत्येक थरथराट थेट चॅसीत उतरतो आणि वेल्डिंगचे सांधे उकलू लागतात. पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो पत्र्यावर उतरवा, ब्रॅकेट आधी टाके मारून बसवून बघा, ड्राइव्ह शाफ्टचा कोन बघा, बॉनेट बंद होतं का ते बघा. हे सगळं जमलं की मगच पूर्ण वेल्डिंग. आमचे मिस्त्री या कामात चार दिवस एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहा मागायचे.

पॅलिओचाच गिअरबॉक्स ठेवला तर?

तोंड जुळवता येईल. पण १.२ चा गिअरबॉक्स ज्या टॉर्कसाठी केलेला आहे, त्याच्या दुपटीच्या आसपास टॉर्क टी-जेट फक्त २२०० फेऱ्यांना देतं. काही दिवस चालेल. एक दिवस तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबाल आणि खालून दळणात खडा आल्यासारखा आवाज येईल. शिवाय कमी ताकदीच्या गाडीचे गिअर आखूड असतात. टर्बोचा जोर आला की पहिल्या गिअरमध्ये नुसती चाकं फिरतात, आणि वेगात इंजिन विनाकारण किंचाळत राहतं. लिनिआचा गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील इंजिनाबरोबरच घ्या.

तुमच्या गाडीत क्लच तारेचा असेल तर हायड्रॉलिकसाठी पेडलजवळ मास्टर सिलिंडर बसवावा लागेल. फायरवॉलचा पत्रा तिथे पातळ असतो, मागून जाड पट्टी द्या, नाहीतर पेडल दाबलं की पत्राच आत-बाहेर होईल आणि क्लच पूर्ण सुटणार नाही.

ड्राइव्ह शाफ्टचं काय?

आतलं टोक लिनिआच्या गिअरबॉक्सला, बाहेरचं टोक पॅलिओच्या हबला. म्हणजे मधला दांडा नव्याने करून घ्यावा लागतो. दोन शाफ्ट कापून, वर नळी चढवून वेल्डिंग करून देणारे लेथवाले मिळतात. त्यांना हात जोडून नमस्कार करा आणि पुढे व्हा. योग्य पोलाद, त्यावर खाचा (स्प्लाइन) कातणं आणि नंतर उष्णता देऊन पृष्ठभाग कडक करणं, हे करणाराच शोधा. वेगात तुटलेला शाफ्ट चाबकासारखा फिरतो आणि पहिला फटका ब्रेकच्या पाइपाला बसतो.

वायरिंग खरंच इतकं अवघड आहे का?

इंजिन बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले. वायरिंगला साडेतीन महिने. त्यामुळे उत्तर: हो.

टी-जेटचा ईसीएम एकटा काम करत नाही. त्याला गाडीतल्या बॉडी कॉम्प्युटरशी बोलायचं असतं, चावीतली चिप ओळखायची असते, गाडीचा वेग कळायला हवा असतो. ॲक्सिलरेटरला तार नाही. पेडलमधला सेन्सर सांगतो आणि थ्रॉटलमधली मोटर झडप उघडते. जुन्या पॅलिओला यातल्या बऱ्याच गोष्टींचा पत्ताच नाही. फिएट कोड म्हणजे चोरीरोधक यंत्रणा जुळली नाही, तर इंजिन फिरेल, पण इंधन मिळणार नाही. तुम्ही प्लग तपासाल, पंप तपासाल, रात्रभर जागाल. दोष यापैकी कशातच नसेल.

दोन वाटा आहेत. पहिली, लिनिआचं अख्खं मज्जासंस्थान उचलून आणायचं: ईसीएम, बॉडी कॉम्प्युटर, चावीभोवतीची अँटेना, पेडल, मीटर आणि सगळा हार्नेस (वायरींचा जुडगा). काम वेंधळं वाटतं, डॅशबोर्डखाली वायरींचा भारा होतो, पण कंपनीने हजारो तास खर्चून केलेलं ट्यूनिंग जसंच्या तसं मिळतं. थंडीत स्टार्ट, एसी लावल्यावर आयडल, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) जाणवलं की आपोआप मागे घेतलेला स्पार्क, सगळं. दुसरी वाट म्हणजे स्वतंत्र, प्रोग्रॅम करता येणारा ईसीएम. वायरी निम्म्या होतात, पण रिकाम्या पाटीपासून सुरुवात. इंधनाचा आणि स्पार्कचा प्रत्येक आकडा कुणीतरी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) बसून भरायचा, आणि तो भरणारा माणूस चुकला तर पिस्टन तुमचे.

आम्ही पहिली वाट धरली. अनुभवाचा बोल: लिनिआमधून हार्नेस काढताना एकही वायर कापू नका. प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून मराठीत ठळक लिहा आणि फोटो काढा. आम्ही ‘लक्षात राहील’ म्हणून नऊ कनेक्टर तसेच सोडले. लक्षात एकही राहिला नाही. साडेतीनपैकी एक महिना त्या नवांचा आहे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होतं. वीस वर्षं जुन्या पत्र्यावर रंग आणि गंज असतो. इंजिन ते चॅसी आणि चॅसी ते बॅटरी अशा नव्या जाड पट्ट्या, खालचा पत्रा घासून चकचकीत करून लावा. आमच्याकडे तीन सेन्सर एकाच वेळी ‘खराब’ दाखवत होते. तिन्ही ठणठणीत होते.

टर्बोच्या तेल-पाण्याची व्यवस्था कशी असते?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तेलाच्या थरावर फिरतो. तेल दाबाने येतं, पण परत जातं ते फक्त उतारावरून, गुरुत्वाकर्षणाने. म्हणून परतीचा पाइप जाड, सरळ आणि सतत खालच्या दिशेने हवा. कुठेही पोट नको, पीळ नको.

हे मी इतक्या ठासून सांगतो कारण आम्ही इथेच माती खाल्ली. गाडी चालू झाली, दोन दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर. टर्बोचं सील गेलं असं ठरवून आतला कार्ट्रिज बदलला, पैसे ओतले. धूर तसाच. शेवटी मिस्त्रींनी गाडीखाली झोपून परतीच्या होजला हात लावला, तर ब्रॅकेटच्या कडेला तो चिमटला होता. तेलाला खाली जायला वाट नाही म्हटल्यावर ते सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जात होतं. होज दीडशे रुपयांचा होता.

मूळ टर्बोला पाण्याचीही जोडणी आहे, ती गाळू नका. इंजिन बंद केल्यावर टर्बोत साठलेली उष्णता पाणीच ओढून नेतं. ते नसेल तर बेअरिंगजवळचं तेल जळून कोळसा होतं. तेल ५ डब्ल्यू ४० फुल सिंथेटिक. ट्रॅकवरून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या.

इंटरकूलर कुठे लावायचा?

बंपरच्या मागे, जिथे खरोखर हवा येते तिथे. टर्बोने दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि नॉकिंगला आमंत्रण देते. लिनिआचा इंटरकूलर पुरेसा आहे. वर दुप्पट आकाराचा लावला तर दिसायला भारी दिसतो, पण रेडिएटरची हवा अडते. पाइपांच्या टोकांना कडा उठवून घ्या, गुळगुळीत पाइपावरून होज बूस्टमध्ये (टर्बोच्या हवेच्या दाबात) निसटतो आणि फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. सगळ्या गॅरेजला कळतं.

कोणतं पेट्रोल? ई-२० चालतं का?

टी-जेटचं कॉम्प्रेशन ९.८ ला १ आहे, टर्बो इंजिनासाठी ते कमी नाही. त्यामुळे ऑक्टेन जितकं जास्त, तितकं बरं. इथेनॉल मिसळल्यावर ऑक्टेन वाढतं, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की शुद्ध पेट्रोलला जाळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. जुना पंप आणि तुंबलेला फिल्टर नेमका पूर्ण बूस्टमध्ये कमी पडला, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन वितळू शकतो. पंप लिनिआचा बसवा आणि प्रेशर गेज लावून पूर्ण लोडवर पाहा.

पॅलिओच्या जन्माच्या वेळी ई-२० नव्हतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप, ओ-रिंग नवे, इथेनॉलला टिकणारे घाला. जुने पाइप बाहेरून धडधाकट दिसतात आणि दुमडले की भेगाळतात.

ब्रेक तेच ठेवले तर चालेल का?

नाही. हिशेब साधा आहे: गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबवायचं, तर ब्रेकला जवळपास दुप्पट उष्णता गिळावी लागते. १.२ चे ब्रेक १.२ च्या वेगासाठी आहेत. लिनिआ टी-जेटला फिएटनेच चारही चाकांना डिस्क दिले होते, ते उगाच नव्हते.

आणखी एक छोटी पण जीवघेणी गोष्ट. ब्रेक पेडल हलकं करणारा बूस्टर इनटेक मॅनिफोल्डच्या निर्वातावर चालतो. टर्बो इंजिनात त्याच मॅनिफोल्डमध्ये कधी निर्वात, तर कधी दाब असतो. मधला एकदिशा व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा विसरला, तर पेडल दगडासारखं होतं. गाडी हलवण्याआधी इंजिन बंद करून तीनदा पेडल दाबून बघा, पहिल्या दोनदा मदत जाणवली पाहिजे.

स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, काय करू?

त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. पुढची चाकंच ओढणार आणि तीच वळवणार, तर जोर आला की भांडणं होणारच. नवे कंट्रोल आर्म बुश, दोन्ही बाजूंना सारखे टायर आणि अचूक अलाइनमेंट यांनी बरंच कमी होतं. चाकं बदलताना लक्षात ठेवा, पॅलिओच्या बोल्टांचं वर्तुळ ४ × ९८ मिमी आहे. बाजारात १०० मिमीचे अलॉय ढिगाने मिळतात आणि ‘दोन मिमीने काय होतंय’ म्हणणारेही. बोल्ट तिरका बसतो, आणि चाक निघून पुढे जातं.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची?

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप आधीच नवे घातलेले असावेत; इंजिन बाहेर असताना हे काम तासाभराचं, आत गेल्यावर दिवसभराचं. मग प्लग आणि इंधन पंपाचा फ्यूज काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. टर्बोपर्यंत तेल पोचल्याशिवाय एक सेकंदही चालू करायचं नाही. त्यानंतर स्टार्ट, आयडल, आणि बादलीभर वाळू शेजारी. पहिल्या दिवशी बूस्टमध्ये जाऊ नका. मोह होतो, माहिती आहे.

अबार्थ पुंटोसारखं १४५ पीएस करता येईल?

ईसीएमचं रिमॅप करून ताकद वाढवता येते. पण पॅलिओचं वजन लिनिआपेक्षा बरंच कमी आहे. ११४ पीएसमध्येच ती तुम्हाला सीटला चिकटवते. मी वाढवली नाही. आधी गिअरबॉक्स, तेलाचं तापमान आणि ब्रेक एक हंगाम टिकू देत.

सध्याच्या १.२ इंजिनालाच टर्बो लावला तर स्वस्त पडेल ना?

सुरुवातीला पडेल. पण त्याचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट यांतलं काहीच बूस्टसाठी केलेलं नाही. थोडा बूस्ट दिला तर फरक जेमतेम, जास्त दिला तर हेड उघडायची वेळ.

जीप कंपासचं १.४ टर्बो अजून ताकदवान आहे, ते का नको?

१६३ पीएस आहे खरं. पण ते मल्टीएअर: इनटेक व्हॉल्व्ह तेलाच्या दाबावर, ईसीएमच्या हुकमाने उघडतात. वायरिंगचे साडेतीन महिने आठवा आणि त्याला दोनने गुणा.

एकूण खर्च किती?

आकडा सांगत नाही, कारण तो गाडी कशी मिळाली यावर ठरतो. प्रमाण सांगतो. ठोकलेल्या लिनिआला जितके मोजले, त्याच्या दुप्पट इतर गोष्टींवर गेले: शाफ्ट, रेडिएटर, होज, ब्रेक, वायरिंग, टायर, आणि एक उगाच बदललेला कार्ट्रिज. त्या पैशात चालती, कागद नीट असलेली लिनिआ टी-जेट आली असती. तिला एसी असतो.

ॲव्हरेज किती देते?

फ्लॅटबेडचं विचारताय की गाडीचं?

घरच्यांना रोजच्या वापरासाठी टर्बो पॅलिओ हवी आहे, काहीच मार्ग नाही का?

आहे, आणि तो फिएटनेच काढून ठेवला होता. पॅलिओ स्टाइल १.३ मल्टीजेट ही कंपनीतूनच टर्बो डिझेल इंजिन घेऊन आलेली गाडी आहे. १२४८ सीसीचं हे इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या गाड्यांतही गेलं, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि त्याला ओळखणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतात. आरसीवर जे लिहिलंय तेच बॉनेटखाली असतं. घेताना फक्त पासिंगची मुदत किती उरली आहे ते बघा, आणि मागच्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबून पाहा.